स्वातीचे मोती

पाऊस यावा म्हणून मनुष्यानें आजवर जेवढ्या प्रार्थना केल्या असतील, तेवढ्या दुसऱ्या कोणत्या गोष्टीसाठीं क्वचितच केल्या असतील. वेदांत पर्जन्याचीं सूक्तें आहेत. गांवोगांव महादेवाचा गाभारा पाण्यानें कोंडण्याची चाल होती. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून पोरें दारोदार पाणी मागत हिंडत. परंतु आलेल्या पावसानें आपलें काम आटोपून वेळेवर निघून जावें, म्हणून कोणी देव पाण्यांत ठेवल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि तरीही, ज्यानें खरिपाचें पीक एकदां तरी डोळ्यांनीं पाहिलें आहे त्याला विचारा. तो सांगेल कीं, पावसाच्या आगमनाइतकीच त्याच्या गमनाची तिथि महत्त्वाची आहे. जूनमधला उशीर पेरणी लांबवितो. ऑक्टोबरमधला मुक्काम तोंडाशीं आलेला घांस नासवितो. पहिल्या संकटाला दुष्काळ हें नांव आहे. त्याची मोजदाद होते, त्यावर समित्या बसतात. दुसऱ्यालाही 'ओला दुष्काळ' असें नांव मिळालें आहे खरें. पण तें पुरांना आणि वाहून गेलेल्या शेतांना अधिक शोभतें. उभ्या पिकाचा दाणा ताटावरच बुरसला, तर त्याचें वर्णन लोक 'ज्वारी काळी पडली' एवढ्या तीन शब्दांत करतात आणि गप्प बसतात. ह्या तीन शब्दांच्या पोटांत काय काय दडलेलें आहे तें वाचकांपुढें मांडावें, असा आमचा विचार आहे.

शेतकऱ्याचें पंचांग कवींच्या पंचांगासारखें एकांगी नाहीं. मृगापासून स्वातीपर्यंतचीं नक्षत्रें तो बोटांवर मोजतो आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा मानतो. मृग पेरणीचा, आर्द्रा रुजवणीचा, मघा भरपूर देणारा, हस्त लहरी. ऑक्टोबरच्या चोविसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य स्वाती नक्षत्रांत जातो, आणि पावसाचा हिशेब तेथें संपतो. स्वातीचा थेंब शिंपल्यांत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, हा कविसंकेत आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. शेतकरीही स्वातींत मोती पिकतात असें म्हणतो, परंतु त्याचे मोती निराळे. रब्बीची ज्वारी नुकतीच पेरलेली असते. तिला ह्या वेळीं एक सर मिळाली तर ती तरून जाते, आणि माघ-फाल्गुनांत मोत्यासारखा दाणा देते. पण त्याच शिवारांत, बांधाच्या पलीकडे, खरिपाची ज्वारी कापणीस येऊन उभी असते. तिचा मोती तयार झालेला असतो, आणि तोच पाऊस त्याला काजळी फांसून जातो. एकाच थेंबानें एका शेतांत मोती घडावा आणि दुसऱ्या शेतांत मोती नासावा, हें स्वातीचें खरें चरित्र आहे. कवींनीं त्याचा अर्धाच भाग सांगितला.

रनाळे हें गांव नंदुरबार तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या दरम्यान आहे. आमच्या वाडवडिलांची थोडी जमीन तेथें आहे; ती वाट्यानें दिलेली असून वर्षाकाठीं दोन पोतीं ज्वारी आणि एखादें पोतें बाजरी आमच्या घरीं येते. आम्हीं जन्मभर महाविद्यालयांत परकी काव्य शिकविलें. तेव्हां आमचें कृषिज्ञान ह्या तीन पोत्यांच्या तोंडून बाहेर आलेलें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पण पोतीं बोलकीं असतात. कोणत्या वर्षीं पाऊस केव्हां गेला, तें पोत्याचें तोंड उघडतांच दाण्याच्या रंगावरून कळतें. ज्या वर्षीं हस्त कोरडा गेला त्या वर्षींचा दाणा पांढरा शुभ्र, टपोरा, दांताखालीं कट्‌कन् फुटणारा. ज्या वर्षीं पाऊस रेंगाळला त्या वर्षींचा दाणा निस्तेज, कोठें गुलाबी झांक मारणारा, कोठें टोंकाशीं काळा, आणि मुठींत घेतला तर बोटांना भुकटी लावणारा. त्याच्या पिठाला एक कुंद वास येतो, आणि भाकरी थापतांना ती कडेला फाटते.

नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं धुळे जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या पश्चिमेस नवापुराकडील डोंगरांत पाऊस मुबलक पडतो, आणि पूर्वेकडे सरकावें तसतसा तो कमी होत जातो. रनाळे पूर्वेच्या काळ्या, सपाट पट्ट्यांतलें. तेथील माणसाचें लक्ष सारा जन्म पाऊस कमी पडेल कीं काय ह्या चिंतेंतच गुंतलेलें असतें; तो जास्त वेळ थांबेल ही चिंता त्याला उशिरां सुचते. आणि नवल असें, कीं धान्यावरील बुरशीला ह्या दोन्ही चिंता सारख्याच मानवतात. कोरड्याची बुरशी निराळी आणि ओल्याची निराळी. परंतु हवा कोणत्याही बाजूला बिघडो, तिची वाट पाहणारी एखादी तरी बुरशी मातींत बसलेलीच असते.

हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. ज्वारीच्या कणसावर पावसांत जी चढते ती एक बुरशी नव्हे, बुरश्यांचा मेळाच होय. गुलाबी झांक बहुधा फ्युझॅरियम जातीची, काळी काजळी कर्व्ह्युलेरियाची. त्यांचा शिरकाव कणीस फुलांत असतांनाच होतो. पुढें दाणा भरूं लागला आणि हवा दमट व ढगाळ राहिली, कीं त्या आंत पसरतात. दाणा पक्व झाल्यावर पाऊस लागला तर उरलेसुरलें काम होतें. कणसांतच मोड येतात. ह्यांतील कांहीं फ्युझॅरियम फ्युमोनिसिन नांवाचें विष निर्माण करतात, आणि त्यांचा विशेष ओढा मक्याकडे आहे. दुसरी एक बुरशी ॲस्परजिलस फ्लेवस, हिरवट पिंवळ्या रंगाची. तिचा स्वभाव उलटा. दाणा भरण्याच्या वेळीं पाऊस दडी मारून बसला, ऊन तापलें, झाड तहानेनें कासावीस झालें, कीं तिचें फावतें. अळीनें कणसाला छिद्र पाडलेलें असेल तर तिला आयताच दरवाजा मिळतो. आणि २०१८ सालीं अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशांत आल्यापासून मक्याच्या कणसाला असे दरवाजे पुष्कळ झाले आहेत. ह्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. शेतांत उन्हानें तिची पेरणी करावी आणि काढणीच्या वेळीं अवकाळी पावसानें तिला खतपाणी घालावें, ओलें कणीस तसेंच कणगींत भरावें, म्हणजे विषाची पूर्ण तयारी झाली. धान्यांत शेंकडा तेरा-चौदाहून अधिक ओल राहिली, तर घरांतही बुरशीचा संसार चालूच राहतो.

ह्या विषाचा शोध लागून फार काळ लोटलेला नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी कांहीं महिन्यांत मेले. तपासाअंतीं त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत हें द्रव्य सांपडलें, आणि बुरशीच्या नांवावरूनच त्याचें नामकरण झालें. यकृतावर त्याचा मारा असतो. थोडथोडें दीर्घकाळ पोटांत गेलें तर यकृताचा कर्करोग, आणि एकदम पुष्कळ गेलें तर कावीळ व मृत्यु. विशेष भयंकर हें, कीं भाकरी भाजल्यानें बुरशी मरते, विष मरत नाहीं. अग्नि सर्व शुद्ध करतो हा आपल्या स्वयंपाकघराचा फार जुना विश्वास आहे; येथें तो चालत नाहीं. दुसरें असें, कीं दाण्याचा काळेपणा हें विषाचें माप नव्हे. अगदीं काळी पडलेली ज्वारी तितकीशी विषारी नसेल, आणि वरून स्वच्छ दिसणाऱ्या मक्यांत मात्र विष असेल. सामान्यतः ज्वारींत हीं विषें मक्यापेक्षां कमी आढळतात, एवढेंच समाधान. मनुष्याचे डोळे, नाक आणि जीभ हीं धान्याचीं तीन परीक्षकें पिढ्यान्‌पिढ्या आपण नेमलीं. पण हा गुन्हेगार त्या तिघांच्याही देखत निसटूं शकतो.

बाजरीची गोष्ट आणखी वेगळी आहे. बाजरी फुलोऱ्यांत असतांना आभाळ भरून राहिलें, रिमझिम लागून राहिली, तर कणसांतून मधासारखा चिकट, गुलाबीसर रस पाझरूं लागतो, आणि पुढें दाण्याच्या जागीं काळपट, कठीण गांठ येते. ह्यालाच अरगट म्हणतात. बाजरीच्या फुलांत स्त्रीकेसर आधीं बाहेर येतात आणि पराग मागाहून. मधल्या काळांत फूल उघडें असतें. पराग येऊन पडला तर बुरशीला दार बंद होतें, आणि पावसानें पराग धुऊन नेला तर तें उघडेंच राहतें. मुंबई राज्याच्या दक्षिण भागांत अशी बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाल्याची हकीकत १९५८ सालीं एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध झाली होती. ओकाऱ्या, घेरी, आणि न आवरणारी झोंप अशीं तिचीं लक्षणें. युरोपांतील राय धान्यावरच्या अरगटानें मध्ययुगांत लोकांचे हातपाय झडून जात; बाजरीच्या अरगटांतील द्रव्यें निराळीं आहेत, म्हणून आपल्याकडे तो प्रकार झाला नाहीं. ह्या गांठी मिठाच्या दाट पाण्यांत वर तरंगतात आणि चांगला दाणा तळाशीं बसतो. इतका साधा उपाय ह्या सबंध विषयांत हा एकच आहे.

आपल्या पूर्वजांना ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें, असें मात्र कोणी समजूं नये. कोद्रा, ज्याला कोठें हरीक म्हणतात, तो कधीं कधीं माजतो आणि खाणाराला गुंगी आणतो, हें ज्ञान फार जुनें आहे. जैन दर्शनकारांनीं तर मोह उत्पन्न करणाऱ्या कर्माला माजलेल्या कोद्र्याचीच उपमा दिली. धुतल्यानें कोद्र्याचा माज कांहीं अंशीं उतरतो, तसा कर्माचाही अंशतः क्षय होतो, असें ते समजावून सांगत. तत्त्वज्ञानाला दृष्टांत म्हणून उपयोगीं पडावी इतकी ती गोष्ट घरोघर परिचयाची होती. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील बांधवगडच्या अरण्यांत दहा हत्ती मेले. त्यांनीं बुरशी लागलेला कोद्रा पुष्कळ खाल्ला होता, आणि त्यांच्या शरीरांत सायक्लोपायझॉनिक आम्ल हें बुरशीचेंच विष सांपडलें. महिना पुन्हां ऑक्टोबरचाच, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

परंतु पूर्वजांचें खरें शहाणपण औषधांत नव्हतें, वेळ साधण्यांत होतें. खरीप ज्वारीच्या जुन्या गांवरान जातींपैकीं पुष्कळांचा एक विलक्षण गुण असे. त्या केव्हां पेरल्या ह्यावर त्यांचें फुलणें अवलंबून नसे. दिवस लहान होऊं लागला, रात्र विशिष्ट लांबीची झाली, कीं मगच त्या फुलत. जूनमध्यें पेरा कीं जुलैमध्यें पेरा, कणीस बाहेर पडे तें पावसाळा सरत आल्यावर, आणि दाणा भरे तो निरभ्र आकाशाखालीं. म्हणजे ज्या पंचांगाचा आम्हीं वर उल्लेख केला, तें शेतकऱ्याच्या बोटांवर होतेंच, पण बियाण्याच्या पोटांतही होतें. शिवाय कित्येक जातींचीं कणसें मोकळीं, विरळ. पाऊस पडला तरी वाऱ्यानें चटकन् वाळणारीं. आणि खानदेशांत तर ह्या सर्वांवर वरचढ अशी 'दादर' होतीच: काळ्या जमिनींत जिरलेल्या ओलीवर, पाऊस गेल्यावर पेरावयाची रब्बीची ज्वारी. तिच्या कणसाला पावसाची गांठच पडत नाहीं. बाजारांत दादरीला भाव अधिक आणि जेवणाऱ्याच्या तोंडीं तिची स्तुति अधिक, ह्याचें कारण चवीइतकेंच ह्या चुकविलेल्या भेटींत आहे.

१९६४ सालीं सी. एस. एच.-१ हें संकरित ज्वारीचें पहिलें वाण भारतांत प्रसारित झालें, आणि पुढच्याच वर्षीं संकरित बाजरीही आली. नवें वाण ठेंगणें, दाणा भरपूर, आणि सुमारें शंभर दिवसांत मोकळें होणारें. त्यानें उत्पन्न किती वाढविलें हें ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना सांगावयास नको. उपाशी माणसापुढें जुन्या वाणाचीं स्तोत्रें गाण्याइतके आम्ही निर्दय नाहीं. परंतु शंभर दिवसांचा हिशेब मांडून पाहा. जूनच्या अखेरीस पेरलेली ज्वारी ऑक्टोबरच्या आरंभीं पिकते. पाऊस वेळेवर गेला तर शेतकरी जिंकला. आठ-पंधरा दिवस रेंगाळला तर पिकलेला दाणा भिजतच उभा. जुनें बियाणें घड्याळ पाहून चाले; नव्याला घड्याळच नव्हतें. हैदराबादजवळ पटंचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेंत आणि आपल्या कृषिविद्यापीठांत दाण्यावरील बुरशीला दाद न देणारीं वाणें शोधण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें, त्याचें एक मोठें कारण हेंच. शोधांत असेंही आढळलें, कीं तांबड्या, तुरट दाण्याला बुरशी कमी लागते. पण आम्हांला भाकरी पांढरी हवी! वाण निवडणाराला बुरशीचा जसा विचार करावा लागतो तसा आमच्या ताटाच्या शोभेचाही करावा लागतो.

आणि आतां घड्याळही सरकलें आहे. भारतीय हवामान खात्यानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्यानें ठरविल्या. वायव्य भारतांतून पाऊस परतूं लागण्याची तारीख पूर्वी १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून तो निघण्याची तारीख ८ ऑक्टोबरवर गेली. पाहुण्याचा मुक्काम लांबला हें आतां सरकारी कागदावर नोंदलें गेलें आहे. २०१९ सालीं तर ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' आणि त्याच्या पाठोपाठ 'महा' अशीं दोन चक्रीवादळें अरबी समुद्रांत उठलीं, आणि ऐन दिवाळींत महाराष्ट्रभर काढणीला आलेलीं पिकें भिजलीं. खरिपाच्या नुकसानीबद्दल हेक्टरीं आठ हजार रुपये मदत त्या नोव्हेंबरांत जाहीर झाली. शेतांत ज्वारीचे आणि मक्याचे ढीग काळे पडले होते. कापलेल्या कणसांना हिरवे मोड फुटले होते.

एका अशाच ओल्या वर्षीं, दिवाळीनंतर आम्ही रनाळ्यास गेलों होतों. एका घराच्या ओट्यावर ज्वारी वाळत पडली होती. तिच्यांत पांढरा दाणा शोधावा लागत होता. ओट्याचा धनी आमच्याहून वयानें वडील, हंगामांत दुसऱ्याच्या शेतावर जाणारा. ही ज्वारी कोंबड्यांनाही घालूं नये असें आम्हीं त्याला पुस्तकी अधिकारानें सांगितलें. तो रागावला नाहीं. दाण्यांवरून हात फिरवीत आहिराणींत म्हणाला, "माले बी समजस, दादा, पन पोट आयकस का?" मलाही कळतें, पण पोट ऐकतें का, एवढाच त्याचा प्रश्न. ह्या प्रश्नाला आम्हीं शिकविलेल्या कोणत्याही ग्रंथांत उत्तर नाहीं, आणि रसायनशास्त्राच्या ग्रंथांतही तें नसावें.

कारण हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे, आणि त्याचें उत्तर काय मिळालें तें नोंदलेलें आहे. १९७४ सालच्या शेवटच्या महिन्यांत राजस्थानांतील बांसवाडा आणि गुजराथेंतील पंचमहाल ह्या शेजारच्या जिल्ह्यांत एक चमत्कारिक रोग पसरला. हे जिल्हे भिल्ल लोकांचे. नंदुरबारच्या डोंगरांतल्यासारखीच वस्ती, तसाच मका, तीच गरिबी. आधीं अवर्षण, मग काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस, आणि धान्य ठेवावयास कोरडी जागा नाहीं. लोकांना कावीळ झाली, पोटांत पाणी भरलें. घरांतलीं कुत्रींही त्याच रोगानें मेलीं, आणि तेंच तपास करणारांना महत्त्वाचें चिन्ह वाटलें. कारण कुत्रेंही त्याच मक्याच्या भाकरीवर पोसलेलें होतें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनीं शोध केला. ३९७ रोगी नोंदले गेले. त्यांतले १०६ मेले. मक्याच्या एका किलोग्रॅमांत ६.२५ पासून १५.६ मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन सांपडलें. आज आपल्या देशांत धान्याला कायद्यानें जी मर्यादा आहे ती एका किलोग्रॅमांत १५ मायक्रोग्रॅमची. म्हणजे त्या अभाग्यांच्या घांसांत तिच्या चारशेंपासून हजारपटींपर्यंत विष होतें, आणि असे घांस ते महिनाभर घेत होते.

पुढें १९९५ सालीं दख्खनच्या पठारावर कांहीं गांवांत पोटांत कळा, गुरगुर आणि जुलाब यांची सांथ आली. पाहणी केलेल्या पन्नास गांवांपैकीं सत्तावीस गांवांत ती आढळली. पण ती घरोघर नव्हती. ज्या घरांनीं पावसांत भिजलेली, बुरसटलेली ज्वारी किंवा मका खाल्ला होता तेवढ्याच घरांत ती होती. विष फ्युमोनिसिनचें निघालें. धान्य बदललें, तसा रोग थांबला. ज्याच्या घरीं बदलावयास दुसरें धान्य असेल त्याला हें औषध किती सोपें!

आमच्या मतें ह्या साऱ्या विषयाचें मर्म येथें आहे. हवा सर्वांवर सारखी पडते. तिचें विष मात्र सारखें वांटलें जात नाहीं. आमच्यासारख्या घरांत पोतें आलें, कीं सुपें बाहेर निघतात. चार दिवस निवडणें, पाखडणें, चाळणें चालतें. डागी, हलका, किडका दाणा बाजूला पडतो, आणि गृहिणीला अन्न टाकणें पाप वाटतें. म्हणून तो दाणा टाकला जात नाहीं. तो एक पायरी खालीं जातो. कांहीं गोठ्याकडे, कांहीं खुराड्याकडे, आणि पुष्कळ ठिकाणीं तो मागणाराच्या पदरांत जातो. बाजारांतही तीच रीत. चांगला माल शहराच्या वाटेला लागतो. डागी मालाचा भाव पडतो. आणि पडलेल्या भावानें तो कोण घेतो हें सांगावयास नको. सूप ही मोठी पवित्र वस्तु आहे. सार घ्यावें आणि फोल टाकावें, ह्या उपदेशाला संतांपासून सर्वांनीं तिचा दृष्टांत घेतला. परंतु फोल टाकलें तें कोणाच्या अंगणांत पडलें, हें पाहण्यास सुपाला डोळे नाहींत.

निसर्गाला मात्र असला जातिभेद फार दिवस मान्य नसतो. गाईम्हशींना बुरसटलेलें धान्य व पेंड घातली, तर अफ्लाटॉक्सिनाचा कांहीं भाग रूपांतर पावून दुधांत उतरतो. २०१८ सालीं देशभर दुधाची जी मोठी सरकारी पाहणी झाली, तींत ६,४३२ नमुन्यांपैकीं ३६८ नमुन्यांत तो मर्यादेपेक्षां अधिक आढळला. सुपांतून उडालेला दाणा गोठ्यावरून फेरी मारून पुन्हां आमच्याच पेल्यांत आला! ज्यांना परोपकाराची भाषा पटत नाहीं, त्यांना स्वार्थाची तरी पटावी, म्हणून हा हिशेब येथें दिला.

मग करावें काय? पाऊस केव्हां जावा हें आपल्या हातीं नाहीं. पण पाऊस गेला तरी ओल घरांत राहूं नये, हें पुष्कळ अंशीं आहे. कणीस पक्व होतांच खुडावें, जमिनीवर न टाकतां ताडपत्रीवर किंवा मांडवावर पसरावें, दाणा पुरता वाळल्याशिवाय पोत्यांत भरूं नये. हें शेतकऱ्याला ठाऊक आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना वाळविण्याची कला शिकविण्याचा आव आम्ही आणणार नाहीं. उणीव ज्ञानाची नाहीं, छपराची आहे. प्रत्येक मोठ्या गांवांत पावसाच्या चार दिवसांत कणसें पसरावयास एक पक्कें, उंच, वारा खेळणारें छप्पर. बाजारसमितींत ओल मोजण्याचें आणि विष तपासण्याचें साधन, आणि तेंही विकणाराच्या डोळ्यांसमोर. नासलेलें धान्य खाण्याऐवजीं दुसऱ्या कामीं लावतां येईल अशा भावानें विकत घेण्याची सोय: ह्या कांहीं आकाशांतल्या गोष्टी नव्हेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरीब घरांत दरमहा माणशीं पांच किलो धान्य येऊं लागलें, आणि १९७४ पेक्षां आजचा दिवस बरा आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु कष्ट करणाऱ्या माणसाचा महिना पांच किलोंत सरत नाहीं. उरलेली भाकरी ओट्यावर वाळणाऱ्या त्या ज्वारीचीच असते.

हवामानाचे अंदाज आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ अचूक होत आहेत, आणि शास्त्रज्ञ पिकाच्या दिवसांशीं उष्णता व आर्द्रता यांचा मेळ घालून, कोणत्या वर्षीं कोणती बुरशी जोर करील ह्याचें भाकीत करण्याचा उद्योग करीत आहेत. हा उद्योग स्तुत्य आहे, आणि तो यशस्वी होवो. पण समजा, एखाद्या सप्टेंबरांत असें भाकीत रनाळ्यास पोंचलें, कीं यंदाचा दाणा खाण्यालायक राहणार नाहीं. तें ऐकून काय करावयाचें, हें त्या ऐकणाऱ्याच्या कणगींत दुसरें काय आहे ह्यावरच ठरणार. टोपलीभर ज्वारी उकिरड्यावर टाकून देण्याची ऐपत ज्या दिवशीं शेवटच्या घराला येईल, त्या दिवशीं स्वातीच्या पावसाचें अर्धें विष उतरेल. उरलेल्या अर्ध्यासाठीं शास्त्रज्ञ आहेतच.